मुकं कुरण

"सरळ जा, शाळा येईल," एवढं सांगून ड्रायव्हरने बस वळवली. धुक्याने आधी बस गिळली, मग तिचा आवाज. पाठीवरची पिशवी सावरत ओरियान रस्त्याच्या कडेला एकटीच उभी राहिली.

फ्रान्समधल्या ओव्हेर्नच्या या डोंगरांत उन्हाळाभर पावसाचा टिपूस पडलेला नाही, असं तिने आपल्या शहरात, ल्योंमध्ये, ऐकलं होतं. बांधावरचं गवत पिवळंफटक पडलं होतं. मग हे धुकं कुठून आलं? थंडगार, अंगाला चिकटणारं... आणि इतकं निःशब्द, की तिला स्वतःच्या बुटांचाही आवाज येईना.

थोडं पुढे गेल्यावर तिला गायी दिसल्या. दगडी बांधाला छाती टेकवून, एका रांगेत उभ्या. गडद तांबड्या, अंगावर कुरळे केस, लांब वळणदार शिंगं. एकही रवंथ करत नव्हती. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, बांधापलीकडे. आणि पलीकडे, एवढ्या दुष्काळात, पोटरीएवढं हिरवंगार गवत उभं होतं.

भुकेल्या गायी, समोर हिरवं गवत, मध्ये मांडीएवढा बांध... आणि एकही पाय उचलत नव्हती.

ओरियानला ते विचित्र वाटलं, पण कुरणापलीकडे, धुक्याच्या वर, शाळेचं छप्पर दिसत होतं. वळसा कोण घालणार? तिने बांधावर पाय ठेवला.

"तिथेच थांब."

आवाज इतक्या जवळून आला की ती दचकून मागे सरकली. बांधाच्या कोपऱ्यावर एक तरुण बसला होता. मातीने माखलेले बूट, कोपरापर्यंत वर केलेल्या बाह्या.

"का? पलीकडे भूत राहतं?" काळजाची धडधड लपवत ती म्हणाली.

"भूत असतं तर तुला स्वतःच बोलावलं असतं. चर आहे. माझ्या कमरेएवढा खोल. मी आणि बाबांनीच खणलाय, वरच्या झऱ्याचं पाणी गोठ्यापर्यंत आणायला. धुक्यात दिसणार नाही." तो उडी मारून खाली उतरला. "तू शिबिराची ना? माणसांची डॉक्टर?"

"होणार आहे. ओरियान. आणि तू?"

"मायूल. जनावरांचा डॉक्टर. होणार आहे." तो हसला. हसला की त्याचा एक गाल दुसऱ्याच्या आधी हसायचा. "माझे रोगी कधी कुरकुर करत नाहीत."

"माझे करतात, म्हणून तर वाचतात."

तो पुन्हा हसला. मग गायींकडे मान वळवून जरा हळू म्हणाला, "याला मुकं कुरण म्हणतात. इथे घंटा वाजत नाही म्हणे. पाखरू गात नाही. टाळी वाजवून बघ."

ओरियानने टाळी वाजवली. आवाज हातातून निघाला आणि जणू तिथेच, पायाशी, गळून पडला.

"धुक्यात सगळीकडे असंच होतं," ती म्हणाली.

"मीही तेच म्हणतो," मायूल म्हणाला. पण त्याने स्वतः टाळी वाजवली नाही.

*

गावातली शाळा मुलांअभावी कधीच बंद पडली होती. तिथे मादाम व्हेर्दिए दर उन्हाळ्यात शिबिर भरवायच्या. माणसांचं वैद्यक शिकणारे, जनावरांचं शिकणारे आणि माती-पाण्याचं शिकणारे असे तीन ठिकाणचे विद्यार्थी एका छताखाली. दिवसभर गावात हिंडायचं आणि संध्याकाळी चर्चा करायची.

"या गावात रोगी कोण?" पहिल्याच संध्याकाळी बाईंनी विचारलं. त्या बुटक्या होत्या, पण त्यांचा प्रश्न खोलीच्या मधोमध खांबासारखा उभा राहायचा.

"माणूस," ओरियान म्हणाली. "डॉक्टर तीस किलोमीटरवर, गावात सगळे म्हातारे."

"गाय," मायूल म्हणाला. "गाय आजारी पडली तर गावाची चूल विझते. मग तुझ्या म्हाताऱ्यांना औषध देऊन काय करणार?"

"म्हणजे माणूस मेला तरी चालेल, गाय टिकली पाहिजे?"

"गाय निदान मधेच बोलत नाही."

खोलीत हशा पिकला. कोपऱ्यात शेगडीजवळ तांगी बसला होता. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचा, दाढीवाला, मातीचा अभ्यासक. तो म्हणाला, "भांडा, भांडा. तुम्ही दोघं भांडायला लागलात की शेगडीत लाकूड घालावं लागत नाही. पण रोगी दोघंही नाही. रोगी माती आहे. तिला काय झालंय ते तुमच्या दोघांच्या रोग्यांना मागाहून कळतं."

मादाम व्हेर्दिए तिघांकडे आळीपाळीने बघून नुसत्या मान हलवत राहिल्या.

भांडण तिथे संपलं नाही. ते रोज चालू राहिलं. बेकरीच्या रांगेत, कपडे धुण्याच्या जुन्या कुंडाशी, बटाटे आणि चीज घोटता घोटता शिबिराच्या स्वयंपाकघरात. चीजची तार ताणत मायूल म्हणायचा, "बघ, ही आमच्या गायींची. ल्योंमध्ये मिळतं असं?" आणि ती मुद्दाम म्हणायची, "ल्योंमध्ये याला रबर म्हणतात." मग तो ती तार हळूच तिच्या ताटात सोडायचा... आणि त्याची बोटं क्षणभर जास्तच रेंगाळायची. तिला कळायचं. तिला कळतंय हे त्यालाही कळायचं.

एका दुपारी कुंडाच्या कठड्यावर बसून त्याने खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"तुझ्यासाठी. चर खणताना सापडली."

ती गाईच्या गळ्यातली घंटा होती. जुनी, हिरवट पडलेली, मातीने भरलेली. ओरियानने हलवून पाहिली. आवाज आला नाही. उलटी करून पाहिली तर आत वाजणारी लोळी नव्हती. झिजून पडली नव्हती. ती कोणीतरी मुद्दाम कापून काढली होती, कडा अजून तिरप्या होत्या.

"घंटेची जीभ कोण कापतं रे?"

"माहीत नाही. अशा बऱ्याच होत्या, हाडांबरोबर." त्याने खांदे उडवले. "म्हाताऱ्यांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. तिथे जायचं नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक. का, ते कुणालाच नाही. बाबाही बिचकत होते. मीच म्हटलं, शाप-बीप काही नसतं, पाणी हवंय की नको? हिरवं गवतही तिथलंच कापून गोठ्यात घातलं."

"आणि गायींनी खाल्लं?"

"आधी मागे सरल्या." तो जरासा थांबला. "मग भूक जिंकली."

तिने घंटा मांडीवर ठेवली. बोटांना मातीचा गारवा लागला. भेट म्हणून कुणी असं काही देतं? पण तो इतक्या आशेने बघत होता, की ती म्हणाली, "छान आहे. तुझ्या रोग्यांसारखी आहे. कुरकुर करत नाही."

खोलीवर गेल्यावर तिने ती खिडकीच्या कडीला अडकवली.

*

पहाटे ओरियानला जाग आली ती आवाजाने.

ठण्ण.

बसका, जड, जणू मातीखालून आलेला. तिने डोळे उघडले. खिडकी घट्ट बंद होती. बाहेर उजाडत होतं, धुकं काचेला नाक लावून उभं होतं. आणि कडीला अडकवलेली ती बिनजिभेची घंटा... हलत होती. अगदी किंचित. इकडून तिकडे. मग थांबली.

'स्वप्न असेल,' असं तिने स्वतःला सांगितलं आणि कपडे करून बाहेर पडली. रस्त्यावर माणसं एकाच दिशेने चालली होती, काही न बोलता. तीही गेली.

मायूलच्या गोठ्यामागे एक गाय मरून पडली होती. चारही पाय ओंडक्यासारखे ताठ. नाकातून रक्त आलं होतं, डांबरासारखं काळं, आणि इतका वेळ होऊनही ते गोठलं नव्हतं. बाकीच्या गायी तिच्याभोवती गोल करून उभ्या होत्या. माणसं हाकलत होती, तरी हलत नव्हत्या.

"वीज पडली असेल," मायूलचे बाबा ओगुस्त म्हणाले. उंच, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. आभाळात तर आठवडाभर वीज चमकली नव्हती. पण त्यांच्या तोंडावर कोण बोलणार?

शेजारच्या मादाम फाब्रनी मात्र छातीवर क्रूस काढला. "कुरण जागं झालं," त्या पुटपुटल्या, आणि घरात जाऊन खिडक्यांची झडपं लावून घेतली. मग दुसऱ्या घराची झडपं लागली. मग तिसऱ्या. भर सकाळी सगळं गाव डोळे मिटून बसलं.

ओरियानने मायूलकडे पाहिलं. तो त्या काळ्या रक्ताकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं... ओळख होती. रस्त्यात नको असलेला माणूस समोर आल्यावर होते, तशी.

"काय झालंय तिला?" तिने विचारलं.

"वीज," तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्याने तिच्या नजरेला नजर दिली नाही.

दोन दिवसांनी दुसरी गाय गेली. तशीच. मायूल चर्चेला येईनासा झाला. तांगी म्हणाला, "शेगडी पेटवावी लागतेय, ओरियान. भांडण झालं का तुमचं?"

"नाही," ती म्हणाली. "तेच तर."

*

न राहवून ती भर दुपारी त्याच्या घरी गेली. आई गेल्यापासून त्या घरात बाप-लेक दोघंच राहत. जेवणाची वेळ होती. ओगुस्तनी मानेने 'बस' अशी खूण केली. मायूलने तिच्यापुढे सूप ठेवलं. भिंतीवरचं घड्याळ तेवढं सगळ्यांच्या वतीने बोलत होतं.

बाहेर ऊन रणरणत होतं, आणि ओगुस्तनी गळ्याला जाड लोकरी मफलर गुंडाळला होता. हनुवटीपर्यंत. ते जेवत नव्हते. चमचा तोंडाजवळ नेत आणि परत ठेवत.

"बरं नाही का तुम्हाला?" ओरियानने विचारलं.

"घसा," ते म्हणाले. आवाज कुणीतरी उशी दाबून धरल्यासारखा आला. मग उठून आतल्या खोलीत गेले.

मायूल गोठ्याकडे निघाला. ती त्याच्या मागोमाग गेली. गोठ्यात अर्धवट काळोख होता, गवताचा गोडसर वास होता, आणि गायींचे ओले डोळे तिच्यावर खिळले होते.

"तू मला टाळतोयस."

"नाही."

"मी काही बोलले का? ते रबर वगैरे... ती थट्टा होती रे."

त्याला हसू आलं. थकलेलं, पण तेच... आधी एक गाल, मग दुसरा. "ओरियान, तू मला रबर खायला घातलंस तरी मी..." वाक्य तिथेच राहिलं. गवताचा भारा उचलायला तो वाकला, आणि त्याची बाही वर सरकली.

हाताच्या आतल्या बाजूला एक फोड होता. मधोमध कोळशासारखा काळा ठिपका, भोवती सुजलेली कडा.

"हे काय?"

"किडा चावला असेल." त्याने बाही खाली ओढली. तिने ती पुन्हा वर केली. त्याचा हात आपल्या हातात घेतला... किती दिवस मनात होतं असा हात धरायचं, आणि धरला तो हा असा! तिने अंगठ्याने त्या काळ्या ठिपक्याभोवती दाबलं. आधी हळू. मग जोरात. त्याने हूं की चूं केलं नाही.

"दुखत नाही?"

"तुझा हात लागल्यावर कसं दुखेल?"

इतर कुठल्याही दिवशी ती लाजली असती. त्या क्षणी मात्र तिने अंगठा उचलून तो व्रण पुन्हा नीट पाहिला. एवढी सूज, एवढा काळा व्रण... आणि दुखत नाही. ही खूण तिने पुस्तकात वाचली होती. वाचताना वाटलं होतं, हे आता कुठे बघायला मिळणार?

"मायूल," ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. "तुझ्या बाबांनी मफलर का गुंडाळलाय?"

तो हात सोडवून घेऊ लागला.

"तुला माहीत आहे. गायीचं रक्त बघितलंस तेव्हाच तुला कळलं होतं."

"कळवलं तर सगळं बंद होईल," तो घाईघाईने बोलू लागला. "कळप अडकेल, चीज जप्त होईल. या गोठ्यात माझ्या पणजोबांपासून जनावरं आहेत, ओरियान. आणि चर खणायला त्यांना मीच भरीला घातलं. मी! शाप नसतो म्हणालो. आता कुठल्या तोंडाने सांगू, की होता?"

"शाप नव्हता. आजार होता."

"गायींना काय फरक पडतो?"

तिने त्याचा हात सोडला नव्हता. बोटं त्याच्या नाडीवर होती, ती वेड्यासारखी पळत होती. "सूज त्यांच्या गळ्यावर आहे," ती म्हणाली. "ती आत वाढली तर त्यांना श्वास घेता येणार नाही. मला रागवायचं असेल तर रागव, आयुष्यभर रागव. पण आत्ता सांग. तू सांग, नाहीतर मी सांगते."

मागे एक गाय जोरात फुरफुरली.

"बाबा मला कधीच माफ करणार नाहीत," तो म्हणाला.

"माफ करायला ते असायला तर हवेत."

*

त्या दिवशी ऊन होतं म्हणून मादाम व्हेर्दिएंनी चर्चा दुपारीच, शाळेच्या अंगणात, झाडाखाली घेतली होती. दोघं धापा टाकत फाटकातून आत आले. मायूलने सरळ सगळ्यांच्या मधोमध उभं राहून बाही वर केली.

"रोगी कोण, विचारलं होतंत ना बाई? हा घ्या. दोन गायी गेल्यात. घरी बाबा आहेत. आम्ही याला फाशी म्हणतो."

"आम्ही काळपुळी म्हणतो," ओरियान म्हणाली. "पण आजार एकच. अँथ्रॅक्स."

तांगी उभा राहिला. त्याची थट्टा कुठल्या कुठे गेली होती. "मुकं कुरण..." तो सावकाश म्हणाला. "तिथे जुनी साथ पुरलेली आहे. हा जंतू मातीत झोपून राहतो. शंभर वर्षंसुद्धा. तुम्ही चर खणलात, माती वर आली, गवताला लागली..."

"म्हणून घंटांच्या जिभा कापल्या," ओरियान म्हणाली. हे तिला बोलता बोलताच उमगलं. "मेलेल्या गायींच्या. कुणी खणून काढून पुन्हा वापरू नये म्हणून. सांगायचं होतं त्यांना काहीतरी. पुढच्यांनी नुसती भीती लक्षात ठेवली, कारण विसरले."

मादाम व्हेर्दिए तोवर फोनवर बोलत होत्या.

ओरियान आणि मायूल परत धावले. ओगुस्त स्वयंपाकघरात खुर्चीवर ताठ बसले होते. दवाखान्याचं हेलिकॉप्टर बोलावलंय म्हटल्यावर त्यांनी नकारार्थी हात उडवला, तोंड उघडलं, आणि शब्दच फुटला नाही. नुसता वारा. ओठ हलत होते, गळ्यातून आवाज येत नव्हता. डोळे मात्र लेकाकडे रोखलेले.

"माफ करा हं," म्हणत ओरियानने मफलर सोडला. मान खांद्याएवढी जाड झाली होती, आणि कानाखाली काळा डाग. तिने त्यांना पुढे वाकवून बसवलं, खिडक्या उघडल्या, आणि त्यांचा तळवा धरून म्हणाली, "सावकाश. माझ्याबरोबर. घ्या श्वास... सोडा." दुसऱ्या बाजूने मायूल. तिघांचे श्वास एका तालात चालू राहिले, हेलिकॉप्टरचा आवाज येईपर्यंत.

ते पिवळ्या माळावर उतरलं तेव्हा धूळ आभाळाला भिडली. एवढ्या गदारोळात एकही गाय बुजली नाही. सगळ्या मुक्या कुरणाकडे तोंड करून उभ्या होत्या.

*

दुसऱ्या दिवसापासून गावात पांढऱ्या पोशाखातली माणसं फिरू लागली. चेहरे झाकलेले, पावलांचा आवाज नाही. मादाम फाब्र झडपेच्या फटीतून बघायच्या आणि म्हणायच्या, "आता खरीच भुतं आली." मेलेल्या गायी जाळल्या. धूर वर गेलाच नाही, कुरणावर आडवा पडून राहिला. आणखी तीन गायी गेल्या. बाकीच्यांना लस टोचली, त्यांचं दूध काढून ओतून द्यायचं काम शेजाऱ्यांनी घेतलं. चर बुजवला, बांधावर उंच कुंपण घातलं.

एक पांढरा माणूस ओरियानच्या खोलीवर आला. खिडकीच्या कडीची घंटा त्याने चिमट्याने काढली, एका पिशवीत घातली, ती दुसऱ्या पिशवीत.

"कुणी दिली?"

"एका मित्राने. भेट म्हणून."

मुखवट्यामागून त्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "पुढच्या वेळी फुलं मागा," तो म्हणाला, आणि गोळ्यांची पाकिटं तिच्या हातावर ठेवली. काळी पुळी तिला उठली नाही. तरी रोज सकाळी ती आरशासमोर उभी राहून आपला हात न् हात, बोट न् बोट तपासायची.

शिबिर संपलं. बाकीचे गेले, ती राहिली. जिल्ह्याच्या रुग्णालयात बाप-लेक एकाच खोलीत होते. दोन पलंग, मध्ये खिडकी. ओगुस्तची सूज उतरत होती, आवाज परत येत होता. नर्सशी बोलायचे, डॉक्टरांशी बोलायचे. मुलाशी नाही. मायूल 'बाबा' म्हणाला की खिडकीबाहेर बघायचे. जणू त्या पलंगावर कुणी नाहीच.

एका संध्याकाळी ते औषधाने झोपले असताना ओरियान मायूलच्या पलंगाशी बसली होती. त्याच्या हातावरच्या काळ्या खपलीची कड सुटू लागली होती. तिने सहज बोट फिरवलं.

"आई गं!" तो कळवळला.

तिने चमकून वर पाहिलं. "दुखलं?"

"दुखणार नाही तर काय? जखम आहे ती."

आणि ओरियान रडायलाच लागली. इतक्या दिवसांत रडली नव्हती, ती तिथे, त्याच्या चादरीत तोंड खुपसून, हमसाहमशी.

"अगं... एवढं नाही दुखलं," तो घाबरून म्हणाला.

"वेडा आहेस. दुखतंय हे चांगलं आहे."

"हे डॉक्टर म्हणून सांगतेयस?"

"नाही," ती चादरीतूनच म्हणाली.

मग तो तिच्या केसांवर हात ठेवून, अडखळत, म्हणाला, "त्या दिवशी गोठ्यात माझं वाक्य राहिलं होतं. रबराचं... ते आता नीट सांगू? मला तू आवडतेस, ओरियान. भांडताना जास्त. पण... यंदा मी कॉलेजला जाणार नाही. बाबांना एकट्याने जमणार नाही. ते बोलोत न बोलोत. म्हणजे, हे सांगून तुला मी देणार काय? अर्धा रिकामा गोठा?"

तिने तोंड वर केलं. नाक लाल, केस विस्कटलेले. "तुझ्या भेटवस्तूंचा मला अनुभव आहे," ती म्हणाली. "तरी मी इथेच बसलेय ना?"

पलीकडच्या पलंगावर ओगुस्तनी कूस बदलली. झोपेत की जागेपणी, कोण जाणे.

*

दोघांना घरी सोडलं त्या दिवशी तांगी आपली खटारा व्हॅन घेऊन मुद्दाम परत आला. ओरियानही बरोबर होती. दुसऱ्या दिवशी तिला ल्योंला परतायचं होतं. वाटेत तांगीने दोनदा विनोद करून पाहिला आणि नाद सोडला.

ओगुस्त घरात गेलेच नाहीत. तडक गोठ्याकडे चालू लागले. दाराशी थांबले. अर्धा गोठा मोकळा होता. त्यांनी घसा खाकरला आणि गायींना हाका मारायला सुरुवात केली, वर्षानुवर्षं रोज मारायचे तशा, ओळीने.

"मार्क्विझ!"

काळोखातून एक हंबरडा आला.

"दूशेस!"

काहीच नाही. मोकळ्या दावणीशी एक साखळी मात्र खळकन हलली. वारा नव्हता.

"फ्रिझेत!"

हंबरडा.

"परिझिएन!"

काहीच नाही. मेल्या-जगल्या सगळ्या गायींची नावं ते घेत गेले, एकही गाळली नाही. प्रत्येक हाकेनंतर तेवढाच वेळ थांबले, जणू उत्तर यायचा हक्क सगळ्यांना सारखाच होता. मायूल दाराच्या चौकटीला धरून उभा होता, ओठ घट्ट दाबून.

शेवटचं नाव झालं. ओगुस्त मागे न वळता म्हणाले,

"मायूल. बादली आण."

महिन्याभरात लेकाशी बोललेला तो पहिला शब्द. मायूलला ऐकू आलं की नाही कळेना, तो जागचा हलला नाही. ओरियानने त्याला कोपराने ढोसलं तेव्हा तो धावला.

"दूध अजून ओतूनच द्यायचंय," ओगुस्त म्हणाले. "सरकारचा तसा हुकूम आहे. पण काढावं तर लागेलच. सड फुटतील नाहीतर." मग त्यांनी ओरियानकडे पाहिलं. "पोरी, दूध काढता येतं?"

"नाही."

"माणसांचे डॉक्टर तुम्ही, शिकवतात काय तुम्हाला?" आवाज अजून घोगरा होता. "याला विचार. मला बसायला पाहिजे." आणि ते बाहेर जाऊन ओट्यावर तांगीशेजारी बसले.

मायूलने वासरू आणून मार्क्विझच्या पुढच्या पायाशी बांधलं. "हे असं करावं लागतं," तो म्हणाला. "वासरू जवळ असल्याशिवाय आमच्या गायींना पान्हा फुटत नाही." गाय वासराला चाटू लागली. ओरियान तिवईवर बसली. तिच्या मागे, अगदी जवळ, मायूल उकिडवा झाला. त्याचे हात तिच्या हातांवर आले. मनगटाच्या वर, जिथे काळा डाग होता, तिथे आता गुलाबी, कोवळी कातडी होती.

"घाबरतेस?"

"हो. शिंगं आहेत तिला."

"मीही घाबरतोय," तो तिच्या कानाशी म्हणाला. "तिला नाही."

तिने मागे न बघता गाल त्याच्या गालावर टेकवला. दोघांनी मिळून दाबलं. काही नाही. पुन्हा. काही नाही. बाहेर धुकं उतरत होतं, गोठ्याच्या दारापर्यंत येऊन थांबलं होतं.

"वरून खाली. अगं, ओढायचं नाही, पिळायचं. आमच्या चीजला रबर म्हणत होतीस ना?"

"गप्प बस. लक्ष लागत नाहीये माझं."

"माझंही," तो म्हणाला.

आणि पहिली धार बादलीत वाजली.